आधी किती उजेड होता

लॅपटॉपचं निधन झाल्याचं नवऱ्याने जाहीर केलं तेव्हा मी बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होते, त्यामुळे मला रीतसर धक्का बसायलाही जमलं नाही.

"पॅनेल गेलं," काळ्या पडद्यावर बोटाने टकटक करत तो म्हणाला. "तरी सांगत होतो, पडद्याला धरून उचलू नकोस. एका काखेत पोर, दुसऱ्या काखेत लॅपटॉप. आतली केबल सैल होणार नाही तर काय?"

"तिला सगळं एकदमच उरकायचं असतं," सोफ्यावर मटार सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "मागे दुधाचंही तेच. गॅसवर ठेवलं आणि गेली वाचत बसायला."

दुधाचा आणि पॅनेलचा संबंध काय, हे मला विचारायचं होतं, पण तेवढ्यात बाळाने ढेकर दिली. माझ्या बाजूने घरात तेवढंच कुणीतरी बोललं.

"सोमवारी माझी मुलाखत आहे," मी म्हणाले.

"मग बंद करून चालू करायचा. केला की येतो ना उजेड?"

"येतो. पण थोडा वेळ हात लावला नाही की परत जातो, आणि मग येतच नाही."

"मग हात लावत राहा," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

हा लॅपटॉप त्याचाच. नवा मिळाल्यावर जुना माझ्याकडे आला, पण येण्याआधी त्याने त्यातलं सगळं पुसून लिनक्स घातलं. "ही मुक्त सिस्टिम आहे," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "मुक्त म्हणजे कुणीही आत डोकावून बघावं, हवं ते बदलावं. कुणाची मालकी नाही." फक्त बदल करायचा पासवर्ड त्याच्याकडे होता. माझं खातं वेगळं, साधं. त्यात मला लिहिता येई, वाचता येई, भिंतीवरचं चित्र बदलता येई. बाकी काही करायला गेलं की एक चौकट उघडायची आणि त्याचं नाव लिहून म्हणायची, यांचा पासवर्ड द्या.

बाळ झालं तेव्हा त्याला ऑफिसातून रजा मिळाली होती. त्या रजेत त्याने एक अंगाई लिहिली. बाळासाठी नाही, लॅपटॉपसाठी. छोटासा प्रोग्रॅम होता तो, आणि त्याचं नावच त्याने 'अंगाई' ठेवलं होतं. बोटं थांबली की अंगाई आधी पडद्याचा उजेड मालवायची, मग थोड्या वेळाने अख्ख्या लॅपटॉपला झोपवायची. वीज वाचावी, बॅटरी टिकावी म्हणून. बॅटरी खरं तर कधीच गेलेली होती. चार्जरची वायर जराशी निघाली की लॅपटॉप तिथल्या तिथे मान टाकायचा. वाचवायचं काय होतं, कोण जाणे. पण बघायला आलेल्या सगळ्यांना त्याने आधी बाळ दाखवलं आणि मग अंगाई, आणि पुरुषमंडळी अंगाईपाशी जास्त वेळ थांबली.

सोमवारची मुलाखत एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधकाच्या जागेसाठी होती. छापायला जाण्याआधी पुस्तकातल्या चुका शोधायच्या. घरून काम, अर्धा दिवस. बाळ होण्याआधी मी हेच करत होते, दुसरीकडे. बाळंतपण आटोपून परत गेले तर माझ्या खुर्चीवर एक मुलगी बसलेली होती आणि माझ्याच कपात पेन्सिली ठेवत होती. तेव्हापासून मी घरी. मला ही नोकरी किती हवी होती हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. 'बाळाने दूध घेतलं का' याशिवाय दुसरा काहीतरी प्रश्न दिवसातून एकदा तरी कुणी मला विचारावा, एवढंच हवं होतं. मुलाखत लॅपटॉपवर होणार होती आणि चाचणीही. फोनवर त्यांचं पान उघडतच नव्हतं, तेही मी बघून ठेवलं होतं.

मला एक खोड आहे. बाळ झोपलं की ते श्वास घेतंय का हे बघायला मी सारखी जाते. दुपारी पडदे ओढून खोलीत अंधार केलेला असतो, म्हणून फोनचा टॉर्च लावते, बोटांनी झाकून, आणि त्याच्या छातीकडे बघत राहते. हलली की निघते. नवरा याला 'भागुबाईची गस्त' म्हणतो. मला तो लग्न झाल्यापासून भित्री भागुबाई म्हणतो, आता बाळाशीसुद्धा तसंच बोलतो. "काय रे, काय करतेय तुझी भागुबाई?"

अशीच गस्त घालून निघाले आणि टॉर्चचा झोत टेबलावरच्या काळ्या पडद्यावर तिरका पडला. मी थबकले. आत अक्षरं होती. राखेने लिहिल्यासारखी, पण होती. मी अर्धवट टाकलेलं पान, त्यातलं माझंच वाक्य. बाजूला तळहात ठेवला तर पंख्याची हलकी घरघर लागली. लॅपटॉप जिवंत होता, पॅनेल जिवंत होतं. फक्त त्याच्यामागचा दिवा बंद होता.

संध्याकाळी मी नवऱ्याला दाखवलं.

"हे बघ, दिसतंय सगळं. केबल गेली असती तर दिसलं असतं का?"

"आली टॉर्च मारून निदान करणारी डॉक्टरीण," तो म्हणाला. "अगं, हार्डवेअर असंच मरतं, हळूहळू."

मला गप्प बसून वाचायची सवय आहे, त्याचे पैसे मिळत असत एकेकाळी. सिस्टिम मुक्त होती. बदलायची बंदी असली तरी बघायची नव्हती. दुसऱ्या दिवशी बाळ झोपल्यावर मी अंगाई उघडली आणि प्रूफ वाचते तशी वाचायला बसले. बोटाने, ओळीमागून ओळ. न कळलेला प्रत्येक शब्द फोनवर शोधला. मध्ये मध्ये शिफ्टचं बटण दाबत राहिले, नाहीतर अंगाईच मला अंगाई वाचू देईना. उजेड कमीजास्त करायची बटणं या लॅपटॉपवर त्याने सिस्टिम बदलल्यापासून मुकी होती. पडद्यावरची पट्टी सरकायची, उजेड जागचा हलायचा नाही.

चूक सापडली तेव्हा आधी माझा विश्वास बसेना, इतकी ती माझ्या धंद्यातली होती. झोपवण्याआधी अंगाईने दोन कामं करायची होती. आत्ता किती उजेड आहे ते लक्षात ठेवायचं, मग दिवा शून्यावर आणायचा. जाग आली की लक्षात ठेवलेला उजेड परत द्यायचा. पण या दोन ओळींची अदलाबदल झाली होती. तो आधी दिवा शून्यावर आणत होता आणि मग विचारत होता, किती उजेड होता? शून्य. बरं, तेवढाच परत देतो.

प्रुफात अशा ओळींना आम्ही नागमोडी रेघ मारतो, एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या पोटाखालून. बस्स. तेवढंच काम होतं.

रात्रीच्या जेवणाला मी सांगितलं. जरा भीत भीतच सांगितलं, आणि ते भिणं आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

"तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वरखाली झाल्यात."

"आता कोडचंही शुद्धलेखन तपासायला लागलीस?" तो पोळी तोडत म्हणाला. "ती काय कादंबरी आहे?"

"तू एकदा बघ तर."

"बघतो गं."

"घरात दोन दोन इंजिनियर झाले म्हणायचे," सासूबाई म्हणाल्या आणि त्याला आणखी भाजी वाढली.

त्याने बघितलं नाही. शनिवारी मित्राचं घर लावायला गेला, रविवारी झोपला. मी तोवर लॅपटॉपबरोबर जगायला शिकले होते. बाळ मांडीवर घ्यायचं, उजव्या हाताने त्याला थोपटायचं, डाव्या हाताने शिफ्ट दाबत राहायचं. एकाला थोपटून झोपवायचं, दुसऱ्याला थोपटून जागं ठेवायचं. काही दिवसांनी हात आपोआप चालायला लागले. पुस्तक वाचतानाही माझी करंगळी सोफ्याच्या हातावर टकटक करायची.

सोमवारी सकाळी तो बूट घालत असताना मी दारात उभी राहिले.

"पासवर्ड दे ना. मुलाखतीपुरती अंगाई बंद ठेवते."

"तू बंद करणार? आणि सिस्टिम उडवलीस म्हणजे?"

"मग तू करून जा."

"आत्ता? मला उशीर झालाय. आल्यावर बघतो."

"आल्यावर काय उपयोग? मुलाखत आत्ता आहे."

"अगं, व्हिडिओ चालू असला की कुठलाही लॅपटॉप झोपत नाही."

"हा झोपतो. तुझी अंगाई फक्त बोटं बघते, व्हिडिओ बघत नाही. मी वाचलंय."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, देतोय. मग त्याने माझा गाल ओढला. "किती घाबरशील? भित्री भागुबाई कुठली. छान होईल मुलाखत." आणि गेला.

मी चौकट उघडली आणि अंदाज लावले. त्याची जन्मतारीख. बाळाचं लाडाचं नाव. सासूबाईंचं माहेरचं नाव. पहिल्या गाडीचा नंबर. आमच्या लग्नाची तारीख मी सगळ्यात शेवटी टाकली, आणि ती चुकल्याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. मग फोनवर वाचलेली एक आज्ञा, अशा आज्ञांसाठी असते त्या काळ्या खिडकीत लिहून पाहिली, वरिष्ठाच्या अधिकाराने अंगाई थांबवायची. लॅपटॉपने माझाच पासवर्ड विचारला, मी आनंदाने दिला. उत्तर आलं ते असं, की ही व्यक्ती परवानगी असलेल्यांच्या यादीत नाही. या प्रकाराची खबर देण्यात येईल.

कुणाला देणार? मी मोठ्याने विचारलं. पण कळलंच होतं. घरात यादीत एकच जण होता.

सासूबाईंनी बाळाला सांभाळायचं कबूल केलं होतं. "जा, बोल तुझ्या साहेबाशी," त्या म्हणाल्या होत्या. साहेब नव्हता, बाई होती. केस पांढरे, चष्मा कपाळावर, मागे पुस्तकांनी वाकलेलं कपाट. डावी करंगळी शिफ्टवर ठेवून मी बोलायला लागले. बोलणं छान चाललं होतं. मी आधी काय काय वाचलंय, जोडाक्षरांच्या चुका नजरेतून कशा निसटतात, असं काहीबाही. बाई हसल्यासुद्धा. "तुम्हाला चुका आवडतात वाटतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "सापडलेल्या आवडतात."

तेवढ्यात आतून बाळाचं रडणं सुरू झालं. मी कान बंद करून बोलत राहिले. रडणं दाराशी आलं. दार उघडलं.

"अगं, घे बाई याला, माझ्याच्याने राहत नाहीये. माझा फोन वाजतोय केव्हाचा."

"आई, दोन मिनिटं फक्त."

"लेकरू जिवाच्या आकांताने रडतंय आणि हिला दोन मिनिटं हवीत," त्या लॅपटॉपच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणाल्या. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि फोनकडे गेल्या. फोन बंद झाला होता तोवर.

मी बाळाला थोपटायला लागले. दोन्ही हातांनी. बाई तेव्हा प्रुफं कशी येतात, कशी परत पाठवायची हे समजावून सांगत होत्या, मी फक्त ऐकायचं होतं, आणि मी ऐकत होते, मान डोलवत होते. बाईंचा चेहरा मंद झाला. मला कळेपर्यंत पंखा थांबलेला होता.

बटण दाबलं. पंखा परत सुरू झाला, आवाज परत आला. उजेड आला नाही.

"हॅलो? मॅडम? मध्येच गेलात तुम्ही."

"हो, इथे जरा पडद्याचं... मी दिसतेय का तुम्हाला?"

"तुम्ही छान दिसताय. बाळ पण दिसतंय. आम्ही दिसत नाही का?"

"दिसताय," मी म्हटलं. समोर काळा पडदा होता आणि त्यात माझंच तोंड.

बंद करून चालू करायला हा लॅपटॉप फार वेळ घेतो. मी हात लांबवून खिडकीचा पडदा ओढला, फोनचा टॉर्च लावला आणि लॅपटॉपवर धरला. राखेतून बाईंचा चष्मा वर आला. त्यांनी चाचणीचं पान पुढे केलं होतं. "यात काय चुकलंय ते सांगत जा, जमेल तसं." बाळ मांडीवर, एका हातात टॉर्च, दुसरा हात शिफ्टवर. मी झोत ओळीवरून ओळीवर सरकवत वाचायला लागले. ऱ्हस्वदीर्घ सांगितले, एक अनुस्वार सांगितला, एक अवतरणचिन्ह उघडं राहिलेलं सांगितलं. मग थांबले. परिच्छेदाचा अर्थ लागत नव्हता. माणूस आधी घरी पोचत होता आणि मग घराकडे निघत होता.

"इथे दोन ओळींची अदलाबदल झालीय," मी म्हणाले.

पलीकडे बाई कुणाला तरी म्हणाल्या, "बघ, सापडलं हिला." आणि मला, "हे आम्ही मुद्दाम घातलेलं असतं. सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मॅडम, एक विचारू? तुम्ही अंधारात का बसलाय, हातात टॉर्च घेऊन?"

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात बाळाला टॉर्च दिसला. त्याने दोन्ही हातांनी फोन धरला आणि तोंडाकडे ओढला. मी फोन सोडवायला शिफ्ट सोडलं. दिव्याने त्याचे डोळे दिपतील, फोनचा कोपरा हिरडीला लागेल, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. ओढाताण झाली, फोन खाली पडला, बाळाने भोकाड पसरलं, आणि पंखा थांबला. परत जाग आली तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं.

त्यांचं पत्र संध्याकाळीच आलं, तेही मी फोनवर वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. माझी नजर पारखी असल्याचं त्यांनी आवर्जून कळवलं होतं. मात्र घरून काम करणाऱ्या व्यक्तीकडे खात्रीची तांत्रिक व्यवस्था आणि व्यत्ययविरहित वातावरण असणं गरजेचं असल्याने या वेळी त्यांचा नाइलाज होता.

नवरा आल्या आल्या लॅपटॉपपाशी बसला. दिलेला शब्द पाळायला आवडतं त्याला.

"अरे वा, आज घरफोडीचा प्रयत्न झालेला दिसतोय," तो हसत म्हणाला. "खबर आलीये माझ्याकडे. कोण गं हा चोर?"

मी बाळाचे कपडे घडी करत होते. नवऱ्याच्या खांद्यामागे उभी होते.

त्याने अंगाई उघडली. खालीवर केलं. मग खुर्चीत ताठ झाला. "ओहो! असं होतंय होय! आई, सापडलं बघ. दोन ओळी उलट पडल्या होत्या. हार्डवेअर नव्हतंच हे."

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या. "त्याने हात लावला आणि झालं. तू आठवडाभर त्या पेटीपुढे डोकं आपटत होतीस."

मी बोलून बघितलं होतं, जेवताना, भाजी वाढली जात असताना. तो विसरला होता, असं मला वाटत नाही. त्याला ते ऐकूच आलं नव्हतं.

चौकट उघडली, पासवर्ड द्या म्हणाली. तो खुशीत होता, मी मागे आहे याचं भान त्याला नव्हतं. किंवा मी बघितलं तरी काय, असं असेल. त्याने टाइप केलं. पडद्यावर नुसते ठिपके उमटले, पण माझी नजर बोटांवर होती, आणि नजर माझी पारखी आहे, तसं पत्र आहे माझ्याकडे. बी, एच, ए, जी. पुढचं बघायची गरजच नव्हती.

भागुबाई.

सकाळी दारात गाल ओढून त्याने मला पासवर्ड दिला होता तर.

"आता झोपला तरी जाग आल्यावर उजेड परत येईल," तो म्हणाला.

"पण झोपेलच?"

"झोपायला नको? बॅटरी नको टिकायला? बरं, मुलाखत कशी झाली?" त्याचे डोळे अजून त्या दोन ओळींवर होते.

"अंधारात," मी म्हटलं.

"छान," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला, सासूबाई शेजारी गेल्या, बाळ झोपलं. मी टॉर्च लावून त्याची छाती बघितली, हलत होती. मग लॅपटॉप उघडला, चौकट आली, आणि मी तो शब्द लिहिला. पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहिला. चौकट मुकाट्याने मिटली. मी माझं नाव परवानगी असलेल्यांच्या यादीत घातलं आणि अंगाई कायमची थांबवली. कुणाला खबर देण्यात येईल वगैरे काही आलं नाही. यादीतल्या माणसांची चुगली होत नसते.

पडदा लख्ख होता. बराच वेळ झाला तरी मंद झाला नाही, विझला नाही. त्याच्यावर वाचायला काहीही नव्हतं. बाहेर कुठेतरी गाडी मागे घेताना बीप बीप वाजत होती. मी हात मांडीवर घेऊन बसले होते असं मला वाटत होतं. खाली बघितलं तर डावी करंगळी शिफ्टवर होती आणि टकटक चालू होती.